गाइजिन सेन्सेई : जपानच्या शाळेतला परदेशी मास्तर

जपान म्हटलं की आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या डोक्यात एक ठरलेली यादी येते. बुलेट ट्रेन, टोयोटा, रोबो, कायझेन, फाइव्ह एस... आपल्यापैकी बरेच जण सबमिशनच्या धावपळीतही जेएलपीटीच्या एन-फाइव्ह, एन-फोरच्या क्लासला जातात, ते याच यादीच्या ओढीने. पण मित्रांनो, त्याच जपानमध्ये हजारो तरुण परदेशी माणसं मशीन बनवायला नाही, तर शाळेतल्या पोरांना इंग्लिश शिकवायला जातात. हे तुम्हाला माहीत होतं का?

मला हे कळलं माझ्या मावसबहिणीमुळे. ती २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं यामागाता प्रांतातल्या एका छोट्या गावात ज्युनिअर हायस्कूलला इंग्लिश शिकवत होती. आम्ही दोघी कॉन्व्हेंटच्या, त्यामुळे घरात आमची ओळख 'इंग्लिश फाडणाऱ्या मुली' अशीच! पण इंग्लिश येणं आणि इंग्लिश शिकवता येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे ताईला तिथे गेल्यावर कळलं, आणि तिच्याकडून मला. या लेखात ते सगळं नीट मांडायचा प्रयत्न करते. शेवटी आपल्या कॉलेजच्याही उपयोगाचं थोडं आहे, म्हणून पूर्ण वाचा!

आधी थोडा इतिहास

इंग्लिश हीच मातृभाषा असलेला जपानमधला पहिला मास्तर चक्क कैदी होता. त्याचं नाव रॅनाल्ड मॅकडोनाल्ड. त्याची आई अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी चिनूक जमातीची, वडील स्कॉटिश. तेव्हा जपानमध्ये परदेशी माणसाला शिरायची बंदी होती. हा पठ्ठ्या १८४८ साली व्हेल पकडणाऱ्या जहाजावरून एका छोट्या होडीत उतरला आणि होडी बुडाल्याचं सोंग करून उत्तरेच्या रिशिरी बेटावर पोचला. त्याला पकडून नागासाकीला नेलं, कोंडून ठेवलं, आणि तिथेच चौदा जपानी दुभाषी त्याच्याकडून इंग्लिश शिकले. त्यातले मोरियामा एइनोसुके १८५४ च्या अमेरिकेशी झालेल्या वाटाघाटींमध्ये दुभाषी होते.

पुढचं नाव आपल्या जवळचं. हेन्री डायर हा स्कॉटिश इंजिनिअर १८७३ मध्ये टोकियोच्या इम्पिरियल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा प्रिन्सिपॉल झाला, तेव्हा त्याचं वय जेमतेम पंचवीस! कोर्स सहा वर्षांचा : दोन वर्षं तयारी, दोन वर्षं आपापली शाखा, दोन वर्षं प्रत्यक्ष काम. आणि शिकवणं इंग्लिशमध्ये. म्हणजे आधुनिक जपानचे पहिले इंजिनिअर परक्या भाषेतूनच शिकले. आपल्यासारखेच की!

लाफकादिओ हर्न हा लेखक १८९० मध्ये मात्सुए गावात इंग्लिश शिकवायला गेला, तिथेच लग्न केलं, जपानी नागरिक झाला. पुढे तो टोकियोच्या इम्पिरियल युनिव्हर्सिटीत शिकवू लागला. १९०३ मध्ये त्याच्या जागी आले नात्सुमे सोसेकी, जपानचे सुप्रसिद्ध कादंबरीकार. म्हणजे 'परदेशी मास्तर असावा की आपला' हा प्रश्नसुद्धा शंभर वर्षांहून जुना आहे.

आज कसं जातात?

सरकारी मार्ग म्हणजे जेट प्रोग्राम. १९८७ मध्ये चार देशांतल्या ८४८ जणांपासून तो सुरू झाला आणि पुढे पाच हजारांच्या वर गेला. यातले बहुतेक जण एएलटी असतात, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर. वर्गाचा मुख्य शिक्षक जपानीच असतो, हा त्याच्या जोडीला. डिग्री कुठल्याही विषयाची चालते, म्हणजे आपली बी.ई.सुद्धा. करार एका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वेळा. २०१२ मध्ये पहिल्या वर्षाचा पगार ३३ लाख ६० हजार येन ठरला होता.

दुसरा मार्ग म्हणजे शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या खाजगी कंपन्या. ताई अशाच एका कंपनीतून गेली. इथे पगार जेटपेक्षा सहसा कमी, आणि काही कंपन्या सुट्टीच्या महिन्यात पगार कापतात. करार नीट वाचून मगच सही करायची!

तिसरा मार्ग 'एइकाइवा', म्हणजे संभाषणाचे खाजगी क्लास. या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी नोव्हा २००७ च्या ऑक्टोबरमध्ये कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले, आणि घर कंपनीनेच दिलेलं असल्यामुळे अनेकांच्या डोक्यावरचं छप्परही गेलं. नोकरी आणि घर एकाच दोरीला बांधू नये, हा धडा त्यातून सगळ्यांनी घेतला.

आता आपल्या कामाचा नियम. शाळेत परकीय भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं लागतं. कॉन्व्हेंट आणि वर इंजिनिअरिंग धरलं तर आपल्यातले कितीतरी जण यात बसतात. फिलिपिन्सचे बरेच शिक्षक आज जपानच्या शाळांमध्ये आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक तर २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. तरीही खाजगी जाहिरातींमध्ये 'नेटिव्ह स्पीकर हवा' हे वाक्य भेटतंच. ताईला फोनवरच नकार देणारेही भेटले.

शाळेतला एक दिवस

सकाळी आठच्या आत शाळेत. दारातच बाहेरचे बूट काढून आतले बूट घालायचे. मग स्टाफरूम. तिथे सगळे शिक्षक एकाच मोठ्या खोलीत, इयत्तेप्रमाणे टेबलं जोडून बसतात. आत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं 'ओहायो गोझाइमास' म्हणायचं. नंतर मीटिंग, अर्थात पूर्ण जपानीत. पहिले सहा महिने ताईला त्यातलं फक्त स्वतःचं नाव कळायचं. आपलं नाव आलं, लोक हसले, पण काय म्हणाले ते नाही कळलं... विचार करा कसं वाटत असेल!

तास ५० मिनिटांचा. मॉनिटर 'उठा, वाका, बसा' अशी ऑर्डर देतो आणि तास सुरू. ताई म्हणते 'हाऊ आर यू?' आणि अख्खा वर्ग एका सुरात, 'आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?' ताप असला तरी फाइन, परीक्षेत नापास झाला तरी फाइन!

जेवण वर्गातच. पांढरी टोपी आणि ॲप्रन घालून मुलंच वाढतात, शिक्षकही तेच जेवतात. ताई शाकाहारी, आणि तिथे साध्या सूपलाही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे तिचा डबा घरून. थालीपिठाला पोरांनी 'इंडियन पिझ्झा' नाव ठेवलं. 'करी राइस'च्या दिवशी सगळे तिच्याकडे बघायचे, पण ती करी जपानमध्ये गेली ब्रिटिशांमार्गे, आपल्या आमटीशी तिचा फार संबंध नाही!

जेवणानंतर साफसफाई. मुलं स्वतः वर्ग, जिना, व्हरांडे झाडतात, पुसतात. आपण फाइव्ह एसच्या व्याख्या पाठ करतो, ते पहिलीपासून करतात.

ताईची सुट्टी सव्वाचारला. पण बाकीचे शिक्षक खेळांचे क्लब घेऊन उशिरापर्यंत तिथेच. ओईसीडीच्या २०१८ च्या पाहणीत जपानच्या ज्युनिअर हायस्कूल शिक्षकांचं काम आठवड्याला ५६ तास निघालं, त्यात सहभागी देशांमध्ये सगळ्यात जास्त! त्यामुळे निघताना 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमास', म्हणजे 'तुमच्या आधी निघते, माफ करा', असं म्हणूनच निघायचं.

शाळेबाहेर

घर भाड्याने घ्यायचं तर डिपॉझिट, शिवाय काही ठिकाणी घरमालकाला परत न मिळणारे 'आभाराचे पैसे', आणि जामीनदार. कचऱ्याचं टाइमटेबल आपल्या युनिव्हर्सिटीच्या टाइमटेबलपेक्षा अवघड : जळणारा कचरा या वारी, बाटल्या त्या वारी, डबे तिसऱ्याच वारी. चुकीची पिशवी ठेवली तर गाडीवाले स्टिकर लावून ती तशीच सोडून जातात, मग सगळ्या गल्लीला कळतं सेन्सेईंनी काय घोळ केला!

यामागातात बर्फ प्रचंड, आणि घरात सेंट्रल हीटिंग नाही. रॉकेलचा हीटर. अठरा लिटरचा लाल कॅन पंपावरून भरून आणायचा. बर्फात रॉकेलचा कॅन ओढताना ताईला आजीचं रेशनचं दुकान आठवायचं. शरद ऋतूत मात्र तिथे नदीकाठी 'इमोनी' असते, मोठ्या पातेल्यात रस्सा शिजतो. त्यातले कंद म्हणजे चक्क आपल्या अळकुड्या! मांसाच्या रश्श्यातल्या अळकुड्या ताईला चालणाऱ्या नव्हत्या, म्हणून शेजारच्या काकूंनी तिच्यासाठी वेगळ्या उकडल्या.

आणि एक गोष्ट रोजची. दुकानात, बसमध्ये, बँकेत सगळ्यांची नजर. 'गाइजिन' म्हणजे बाहेरचा माणूस. तीन वर्षं झाली तरी 'तुम्हाला चॉपस्टिक छान धरता येतात हं!' हे कौतुक थांबलं नाही. वाईट कोणीच वागलं नाही, पण कायम पाहुणं राहायचाही कंटाळा येतो, असं ताई म्हणते.

इंग्लिश त्यांना अवघड का जातं?

आता मुख्य मुद्दा. तिथली ज्युनिअर हायस्कूलची मुलं वर्षाला १४० तास इंग्लिश शिकतात. २०११ पासून पाचवी-सहावीत तोंडी इंग्लिश आलं, २०२० पासून तिथे तो रीतसर विषय झाला. मग घोडं अडतं कुठे? ताईच्या वहीतून तीन कारणं देते.

पहिलं, उच्चार. जपानीत 'न' सोडला तर जवळजवळ प्रत्येक व्यंजनाला स्वर चिकटलेला लागतो. त्यामुळे 'स्ट्राइक' हा एका दमाचा शब्द 'सु-तो-रा-इ-कु' असा पाच मात्रांचा होतो. 'ल' आणि 'र' यांना मिळून एकच ध्वनी. हसू नका! आपल्याकडेही 'स्टेशन'चं 'ठेसन' होतंच, आणि 'व्हेस्ट' व 'वेस्ट' आपल्या कानाला सारखेच लागतात. प्रत्येक भाषा पाहुण्या शब्दाला आपल्या घरचे कपडे घालते.

दुसरं, वाक्यरचना. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखं. 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्स त्यांच्याकडेही नाहीत. 'डोन्ट यू लाइक फिश?' विचारलं तर जपानी मुलगा 'येस' म्हणतो, म्हणजे 'हो, नाही आवडत'. आपणही असंच बोलतो की! 'तुमचा फोन नंबर सांगा' याला पोरं 'प्लीज टीच मी युअर फोन नंबर' म्हणतात, कारण सांगणे आणि शिकवणे याला त्यांचं क्रियापद एकच.

इथे एक गंमत झाली. शेजारच्या शाळेत एक अमेरिकन एएलटी होता. 'इथे द का?' असं पोरांनी विचारलं की तो म्हणायचा, 'ऐकायला बरोबर वाटतं म्हणून.' त्याचं चुकत नव्हतं. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचंही तसंच, 'द' कुठे लावायचा ते कानाला कळतं, नियम विचारला की दातखीळ! पण ताईने मराठी वाक्य आणि जपानी वाक्य मनात शेजारी ठेवून पाहिलं, आणि मूल नेमकं कुठे अडखळतं ते तिला दिसायला लागलं. ज्या मराठीला शाळेत बोललं तर दंड होता, तीच मराठी तिच्या कामी आली.

तिसरं कारण सगळ्यात मोठं : परीक्षा. युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या देशभरच्या परीक्षेत लिसनिंग आलं २००६ मध्ये. बोलण्याच्या खाजगी परीक्षा जोडायचा बेत २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पुढे ढकलला आणि २०२१ मध्ये सोडूनच दिला. जे पेपरात नाही ते ऑप्शनला, हा नियम काय फक्त आपल्याच युनिव्हर्सिटीत आहे का? त्यातून चारचौघांत चुकायची भीती. प्रश्न विचारला की मूल आधी शेजाऱ्याकडे बघतं, मग खाली. वर्ग गप्प. अशा वेळी एएलटी नुसता धडा वाचून दाखवणारा टेपरेकॉर्डर होऊन बसतो.

प्लस की मायनस?

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात ताईच्या सायकलचा ब्रेक सैल झाला. शाळेच्या शेडमध्ये ती खटपट करत होती. बेसबॉल क्लबचा एक मुलगा तिथून चालला होता. वर्षभर वर्गात त्याने तोंड उघडलं नव्हतं. ताईने विचारलं, 'डू यू हॅव अ स्क्रूड्रायव्हर?' त्याला शब्द कळला नाही. तिने मनगट फिरवून दाखवलं. 'आ! दोराइबा!' आणि मग त्याने स्वतःहून इंग्लिशमध्ये प्रश्न विचारला : 'प्लस ऑर मायनस?'

मेकॅनिकलवाल्यांनी ओळखलं असेल. जपानमध्ये फुलीच्या स्क्रूड्रायव्हरला 'प्लस दोराइबा' म्हणतात आणि चपट्याला 'मायनस दोराइबा'. डिक्शनरीच्या हिशोबाने हे इंग्लिश चूक. पण प्रश्न शंभर टक्के बरोबर! ताई म्हणाली, 'प्लस.' तो धावत जाऊन घेऊन आला, ब्रेक आवळला, 'व्हेन ब्रोकन?' असंही विचारलं. पाच मिनिटं दोघं बोलले.

वर्गात न बोलणारा मुलगा इथे का बोलला? ताईचं उत्तर असं : वर्गात मी पेन हातात धरून 'इज धिस अ पेन?' विचारते. ते पेन आहे हे मलाही माहीत, त्यालाही माहीत. मग तो उत्तर कशाला देईल? शेडमध्ये मला खरंच काहीतरी हवं होतं, आणि ते त्याच्याकडे होतं. भाषा शिकवण्याच्या शास्त्रात याला 'इन्फर्मेशन गॅप' म्हणतात. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी फट असली तरच बोलणं वाहतं. व्होल्टेजमध्ये फरक नसेल तर करंट कुठून येणार?

त्यानंतर जपानी शिक्षिकेशी बोलून ताईने तास बदलला. तिला खरंच माहीत नसलेल्या गोष्टी ती विचारायला लागली. छपरावरचा बर्फ कसा काढतात? शेवटची बस चुकली तर काय करायचं? सार्वजनिक न्हाणीघरात आधी अंग धुवायचं की आधी टाकीत उतरायचं? पोरांनी तिच्यासाठी इंग्लिशमध्ये 'आमच्या गावात कसं राहावं' अशी पुस्तिकाच बनवली. कचऱ्याचं पान सगळ्यात मोठं! व्याकरणाच्या चुका भरपूर, पण ताईने त्यातल्या फक्त अर्थ बदलणाऱ्या तेवढ्याच सुधारल्या. सगळा वर्ग फाडफाड बोलायला लागला असं नाही. काही मुलं शेवटपर्यंत गप्पच राहिली. पण 'आय ॲम फाइन'च्या पुढे बरीच जण गेली.

परदेशी मास्तर कशासाठी, याचं उत्तर मला इथे मिळालं. व्याकरण जपानी शिक्षक जास्त चांगलं शिकवतो. परदेशी माणूस हवा, कारण त्याच्याशी बोलायला खरं कारण असतं. त्याला इथलं काही माहीत नसतं, हाच त्याचा प्लस पॉइंट!

आता आपल्या कॅम्पसवर

हे सगळं वाचताना तुम्हालाही आपला फर्स्ट इयरचा वर्ग आठवला असेल. मराठी मीडियममधून आलेले कितीतरी जण एम-थ्रीत आपल्याला शिकवतील इतके हुशार, पण व्हायवाला गप्प. ग्रुप डिस्कशनला गप्प. कंपन्या आल्या की पहिल्या राउंडलाच बाहेर. आणि आम्ही इंग्लिश मीडियमवाले त्यांना काय सांगतो? 'अरे, बोलत जा ना, बिनधास्त!' हे म्हणजे पोहता न येणाऱ्याला 'पोहत जा ना' म्हणण्यासारखं झालं.

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने ताईची पद्धत करून पाहिली. नियम फक्त तीन.

एक, आपल्याला खरंच माहीत नसलेलंच विचारायचं. आमच्यातल्या एकाच्या घरी मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळलेली मोटर कशी ओळखतात हे त्याने आम्हाला इंग्लिशमध्ये सांगितलं. आम्हाला ते येत नव्हतं, त्यामुळे आम्ही मध्ये मध्ये खरेच प्रश्न विचारत होतो. तो वीस मिनिटं बोलला. अडला तिथे मराठी शब्द वापरला, चाललं.

दोन, आधी दोघांत, मग चौघांत, मग सगळ्यांसमोर. आणि विचार करायला वेळ द्यायचा, मध्येच तोंडातलं वाक्य पळवायचं नाही. हे आम्हा फाडफाडवाल्यांना सगळ्यात जड गेलं!

तीन, अर्थ कळत असेल तर चूक काढायची नाही. 'प्लस दोराइबा' चालेल.

आणि यात आमचाही फायदा झाला. मोटरचं वाइंडिंग मला पुस्तकापेक्षा त्या दिवशी जास्त समजलं. फट दोन्ही बाजूंनी असते ना : त्याच्याकडे नसलेलं माझ्याकडे, माझ्याकडे नसलेलं त्याच्याकडे.

तुमच्यापैकी कुणी उद्या खरोखर जपानला गेलात तर करार वाचा, आतले बूट न्या, डब्याची सोय बघा. नाही गेलात तरी दर बुधवारी प्रॅक्टिकल संपल्यावर आम्ही कॅन्टीनच्या मागच्या टेबलावर बसतो. कुठल्याही ब्रँचचे, कुठल्याही इयरचे या. येताना आम्हाला माहीत नसलेली एक तरी गोष्ट घेऊन या. चहाचे पैसे मात्र ज्याचे त्याने!